बोरघाटातील ओस पडलेले स्थानक



आगगाडीचा पाठ शिकविताना १६ एप्रिल १८५३ ही तारीख आणि बोरीबंदर ते ठाणे हा पहिला प्रवास सांगून आपण बहुधा थांबतो. मुले तारीख पाठ करतात. परंतु लोहमार्ग कोणत्या अडचणींतून पुढे गेला, हे त्यांच्या मनात उतरत नाही. त्यासाठी एका ओस पडलेल्या स्थानकाचा इतिहास फार उपयोगी पडतो. हे स्थानक म्हणजे खंडाळ्याजवळचे, बोरघाटातील ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होय.

लोहमार्ग १८५४ साली कल्याणास व १८५६ साली खोपोलीस पोहोचला. घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ साली सुरू झाला. मधला सह्याद्रीचा कडा मात्र तसाच उभा होता. प्रवाशांना खोपोलीस उतरून पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढावा लागे व वर पुन्हा गाडी धरावी लागे.

घाटातील मार्गास सुमारे २५ किलोमीटर अंतरात ५५० मीटरांहून अधिक उंची गाठावयाची होती. काही ठिकाणी चढ ३७ स एक इतका होता. म्हणजे गाडी ३७ फूट पुढे गेली की एक फूट वर चढे. त्याहून मोठी अडचण वळणाची होती. डोंगराच्या एका सोंडेवर मार्ग अशा टोकाशी येई की पुढे दरी, आणि लांब गाडी वळविण्याइतकी जागा नाही. डोंगरातील पाऊलवाट एकदम मागे वळते तेथे माणूस टाचेवर वळून चालू लागतो. आगगाडीला तसे वळता येत नाही. म्हणून इंजिनिअर जेम्स बर्कली यांच्या योजनेत त्या टोकावर स्थानक ठेवण्यात आले. गाडी तेथे थांबे, पुढचे इंजिन सोडून दुसऱ्या टोकास जोडले जाई आणि शेवटचा डबा पहिला होऊन गाडी उलट दिशेने वरच्या मार्गास लागे. या युक्तीवरूनच स्थानकाला हे नाव पडले.

हे काम अत्यंत खडतर होते. पंचवीस बोगदे खडक फोडून काढावे लागले. काम भरात असताना ४० हजारांहून अधिक मजूर घाटात राबत होते. १८५९ साली मजुरी थकल्यामुळे तेथे दंगा झाला व पहिल्या ठेकेदाराने काम सोडले. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात येताच थोड्याच दिवसांत मरण पावला. पुढे त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका चालू ठेवून तो तडीस नेला. पटकी व तापाच्या साथींनी असंख्य मजूर दगावले. ठेकेदारांची व इंजिनिअरांची नावे ग्रंथांत आहेत. ज्यांनी सुरुंग लावले व माती वाहिली, त्यांतील बहुतेकांची नावे कोठेही आढळत नाहीत. १८६३ साली घाट खुला झाला. वर्गात ही तारीख सांगताना या अनाम माणसांचा उल्लेख अवश्य करावा.

सहासष्ट वर्षे या स्थानकाने काम केले. पुढे घाटात विजेची इंजिने आणण्याचे ठरले, नवे बोगदे खोदून मार्ग सरळ करण्यात आला आणि १९२९ साली गाड्या तेथे थांबेनाशा झाल्या. स्थानक मोडकळीस आले म्हणून ते सुटले नाही. ज्या अडचणीवर ते उत्तर होते, ती अडचणच उरली नाही. ओस पडलेल्या बहुतेक वास्तूंची हीच कथा असते.

आपल्या जिल्ह्यात आगगाडी फार उशिरा आली. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली खुला झाला. येथेही डोंगर व दऱ्या होत्याच. परंतु चढ १५० स एक याहून तीव्र होऊ द्यावयाचा नाही, असे ठरवून डोंगर पोखरण्यात आले. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा त्याची साक्ष देतो. हा फरक मुलांना फळ्यावर दाखवावा. ३७ वीत आडव्या रेषेच्या टोकाशी एक वीत उभी रेषा काढली, तर फळा पुरणार नाही. म्हणून वितीऐवजी बोट हे माप घ्यावे. नंतर अंगणात १५० बोटांची रेषा आखावी. चढातील अंतर मुलांना आपोआप कळेल.

आपल्या गावाजवळ ओस पडलेले स्थानक नसेल; परंतु एकेकाळी मुंबईच्या आगबोटी लागत असे बंदर, पडका धक्का किंवा जुनी धर्मशाळा असेल. तेथे मुलांना नेऊन चार प्रश्न विचारावेत : हे कशासाठी बांधले? कोणी बांधले? कोणाच्या उपयोगी पडले? त्याची गरज का संपली? वडीलधाऱ्यांनी सांगितलेले व कागदोपत्री सापडलेले वेगवेगळे लिहून ठेवावे. मोडक्या भिंतींवर व धक्क्याच्या कडेवर मुलांना चढू देऊ नये.

आगबोटीने मुंबईस गेलेली माणसे गावोगावी आता थोडीच उरली आहेत. त्यांच्या आठवणी आपल्या शाळेच्या वहीत आज उतरल्या नाहीत, तर घाटातील मजुरांच्या नावांप्रमाणे त्याही कायमच्या हरवतील.