ऊन लख्ख, बोट बंद

ऑगस्टातली सकाळ, दहाचा सुमार. ग्रीसमधल्या नाक्सोस बेटाच्या धक्क्यावर इतकं लख्ख ऊन पडलं होतं की पांढऱ्या भिंतींकडे बघवत नव्हतं. आकाशात ढगाचा ठिपका नाही. आणि तिकिटाच्या खिडकीतली बाई येणाऱ्या प्रत्येकाला एकच शब्द ऐकवत होती, ‘अपागोरेफ्तिको’. म्हणजे मनाई. बोटींना बंदर सोडायला मनाई. शेजारी पुण्याचं एक कुटुंब उभं होतं. आजी बॅगेवर टेकलेल्या, नातवंडं दोन्ही हातांनी टोप्या धरून, आणि मुलगा पुन्हा पुन्हा विचारत होता, “पाऊस नाही, वादळ नाही, मग बोट का नाही सोडत?” दुसऱ्या दिवशी पहाटे अथेन्सहून त्यांचं परतीचं विमान होतं. ते चुकलं.

ग्रीसची सहल आखताना जे गैरसमज होतात, त्यातला सगळ्यात महागात पडणारा हाच : ऊन आहे म्हणजे समुद्र शांत आहे. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून जो वारा सुटतो त्याला मेल्तेमी म्हणतात. तो येतो निरभ्र आकाशातून, आणि सुटला की कधी कधी चार-चार दिवस थांबत नाही. वारा बोफर्ट मापावर आठच्या घरात गेला, म्हणजे ताशी साधारण ६२ किलोमीटरच्या पुढे, की मोठ्या बोटीही बंदरातच थांबतात. वेगवान बोटी त्याच्या आधीच बंद होतात.

या वाऱ्याचं आपल्याशी नातं आहे. उन्हाळ्यात वायव्य भारत आणि पाकिस्तानवर तापलेल्या हवेचा जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि आपल्याकडे पाऊस ओढून आणतो, तोच पश्चिमेला इराण, तुर्कस्तानपर्यंत पसरलेला असतो. इकडे बाल्कन देशांवर हवेचा दाब जास्त, तिकडे तुर्कस्तानवर कमी. त्या दोहोंच्या मधल्या फटीतून मेल्तेमी वाहतो. कोकणात धो धो कोसळत असतं त्याच दिवसांत नाक्सोसच्या धक्क्यावर टोप्या उडतात. भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने कोकणात गेलेल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात ती बोट बंद असायची आणि माणसं त्या हिशेबाने जाणं-येणं ठरवायची.

तेव्हा परतीच्या विमानाआधीची रात्र अथेन्समध्येच काढायची. उन्हाळा ऐन भरात असेल तर दोन रात्री. ज्यांना बोट लागते त्यांनी मोठी, संथ बोट घ्यावी. ती कमी हेलकावे खाते आणि तिच्या डेकवर मोकळ्या हवेत उभं राहता येतं. वेगवान बोटीत बहुतेक वेळा बंद काचांच्या आड बसून राहावं लागतं.

दुसरा गैरसमज नकाशा बघून होतो. निळ्या कागदावर ठिपके जवळजवळ दिसतात, आणि सात दिवसांत पाच बेटांचा कार्यक्रम तयार होतो. ग्रीसची बेटं लहानमोठी धरून हजारोंच्या घरात आहेत आणि त्यांतल्या दोनशेहून अधिक बेटांवर माणसं राहतात. पण ती एका समुद्रातही नाहीत. कोर्फू पश्चिमेला, आयोनियन समुद्रात आहे. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून तिकडे बोट जात नाही, आधी मुख्य भूमीच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचावं लागतं. ऱ्होड्स तुर्कस्तानच्या कुशीत आहे. क्रीट हे एकच बेट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे, त्याला ‘एका दिवसात’ म्हणणं अन्यायाचं आहे. पिरेयसहून सांतोरिनीला वेगवान बोटीने पाच तास, साध्या बोटीने आठ तास धरा. एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे खोली सोडणं, धक्का गाठणं, वाट बघणं, उतरणं, पुन्हा खोली शोधणं. अर्धा दिवस गेलाच. दहा रात्री असतील तर माझ्या मते अथेन्स आणि दोन बेटं, बस्स.

त्यातलं एक नाक्सोस असावं, असं मी आग्रहाने सांगेन. कारण अवशेष एकीकडे आणि समुद्र दुसरीकडे, अशी फोड तिथे करावी लागत नाही. बोट बंदरात शिरताना समोर एका खडकावर संगमरवराची एकटी चौकट उभी दिसते, सुमारे सहा मीटर उंच. तिला पोर्तारा म्हणतात. ती बघितली की वाटतं, केवढं देऊळ असेल, कुणी पाडलं असेल! पण ते देऊळ कधी पुरं झालंच नाही. इ.स.पू. सहाव्या शतकात काम सुरू झालं, राजवट उलथली आणि काम थांबलं. पुढे बेटावर व्हेनिसच्या सरदारांनी किल्ला बांधला, तेव्हा इथले दगड तिकडे गेले. चौकटीचे दगड अवजड म्हणून हलले नाहीत. त्याच बेटाच्या उत्तर टोकाला खाणीत दहा मीटरहून लांब पुतळा आडवा पडला आहे. दाढीचा आकार ओळखू येतो, डोळे कोरायचेच राहिले. या दोन जागांपाशी उभं राहिलं की बांधणाऱ्या हातांचा विचार आधी येतो, पाडणाऱ्यांचा नंतर.

अवशेष म्हणजे काळाने केलेली पडझड, ही समजूत पार्थेनॉनपाशीही टिकत नाही. अथेन्सच्या टेकडीवरचं हे देऊळ इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात उभं राहिलं. नंतर ते चर्च झालं, मग मशीद झालं. जळलं, डागडुजी झाली, पण दोन हजार शंभर वर्षं उभं होतं. १६८७ साली व्हेनिसच्या फौजेने टेकडीला वेढा घातला तेव्हा आत ओटोमन फौजेने दारूगोळा साठवला होता. २६ सप्टेंबरला त्यावर तोफगोळा पडला. छप्पर, मधले खांब, आत आश्रयाला आलेली माणसं, सगळं एका स्फोटात गेलं. उरलेल्या शिल्पांतली बरीचशी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी काढून नेली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

आणि ते पांढरंशुभ्रही नव्हतं. शिल्पांवर निळा, लाल, सोनेरी रंग होता. ऊनपावसात तो उडाला, आणि आपण त्या उघड्या दगडालाच ग्रीक सौंदर्य मानून बसलो.

‘नेमकी आम्ही गेलो तेव्हाच परांची बांधलेली होती’ अशी तक्रार पुष्कळ जण करतात. परांची तिथे १९८०च्या दशकापासून कित्येक वर्षं या ना त्या बाजूला असायचीच, आणि तिच्यामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्ती करताना दगड जोडायला लोखंडी पट्ट्या वापरल्या. प्राचीन कारागीरही लोखंडच वापरत, पण ते त्याभोवती शिसं ओतत. नव्या दुरुस्तीत शिसं ओतायचं राहून गेलं. लोखंड गंजलं, फुगलं आणि त्याने संगमरवर आतून फोडला. आता एकेक जोड उघडून तिथे टायटॅनियम बसवतात. जिथे दगडच नाही तिथे पेंतेली डोंगराचा नवा दगड लावतात. त्याच डोंगराचा दगड मूळ बांधकामात आहे. खांबाजवळ जाऊन पाहा : जुना दगड मधाच्या रंगाचा, नवा दुधासारखा, आणि त्यांच्यामधला सांधा केसाएवढा.

टेकडीवर जायचं तिकीट आता ठरावीक वेळेचं असतं. २०२३ पासून दिवसाला २० हजार माणसांची मर्यादा आहे आणि एप्रिल २०२५ पासून दर ३० युरो आहे. इतर स्थळांसह मिळणारं जुनं एकत्रित तिकीट बंद झालं. कडक उन्हाच्या लाटेत दुपारी टेकडी बंद ठेवतात, हे गेल्या काही वर्षांत दर उन्हाळ्यात झालं आहे. सकाळी आठची वेळ घ्या.

क्रीटमधल्या क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्यात फसगत उलट्या बाजूने होते. तिथले लाल, खाली निमुळते होत गेलेले खांब बघून माणसं म्हणतात, साडेतीन हजार वर्षांनीही रंग कसा टिकला! तो टिकलेला नाही. आर्थर एव्हान्स यांनी १९०० साली उत्खनन सुरू केलं आणि पुढच्या दशकांत राजवाड्याचे भाग आपल्या कल्पनेप्रमाणे सिमेंट-काँक्रीटने उभे केले. भित्तिचित्रांचे खरे तुकडे इराक्लिओच्या संग्रहालयात आहेत. आधी संग्रहालय, मग क्नोसोस, असा क्रम ठेवला तर मूळ कोणतं आणि पुनर्रचना कोणती हे डोळ्यांना कळतं.

ऑलिंपिया ऑलिंपस पर्वताच्या पायथ्याशी नाही, हेही इथेच सांगून टाकू. पर्वत उत्तरेला, क्रीडांगण पार दक्षिणेकडे पेलोपोनीसमध्ये.

सांतोरिनी म्हणजे पांढऱ्या वाळूचा किनारा, असं समजून गेलेल्यांची निराशा होते. सांतोरिनी हे फुटलेल्या ज्वालामुखीचं काठ उरलेलं भांडं आहे. किनारे काळ्या आणि लाल खड्यांचे, पाणी लवकर खोल होणारं. मुलांना वाळूत खेळायचं असेल तर पुन्हा नाक्सोसच बरं. पण इ.स.पू. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या उद्रेकात राखेखाली गेलेलं अक्रोतिरी गाव चुकवू नका. १९६७ पासून ते उकरलं जात आहे. दोन-तीन मजली घरं, रस्त्याखालून गेलेली गटारं, आणि आतापर्यंत तिथे राहणाऱ्यांचा एकही सांगाडा नाही. माणसं वेळीच निघून गेली असणार.

डीलोसबद्दल विचारतात, तिथे हॉटेल कोणतं घ्यावं? तिथे रात्री राहताच येत नाही. मिकोनोसहून बोटीने अर्ध्या तासाच्या अंतरावरचं हे बेट अपोलोचं जन्मस्थान मानलं जाई. इ.स.पू. ४२६च्या सुमारास अथेन्सच्या लोकांनी तिथली सगळी थडगी उकरून हलवली आणि नियम केला की या बेटावर कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचं नाही. दिवस भरत आलेल्या बाया आणि अखेरच्या घटका मोजणारी माणसं समोरच्या रिनिया बेटावर नेली जात. आज डीलोसवर कायमची वस्ती नाही. एकेकाळच्या तळ्याकाठी रांगेत बसलेले संगमरवरी सिंह दिसतात त्या प्रतिकृती आहेत, मूळ सिंह संग्रहालयात आहेत. सावली जवळजवळ नाही. पाणी आणि टोपी बरोबर हवीच.

आता सुट्ट्यांचं. मे महिना उत्तम, पण १ मेला सारी पुरातत्त्व स्थळं बंद असतात आणि बोटींचे कर्मचारीही त्या दिवशी पुष्कळदा संपावर असतात. महाराष्ट्र दिनाची सुट्टी जोडून जाणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या रविवारीही स्थळं बंद असतात आणि त्याची तारीख दर वर्षी बदलते. २०२७ साली तो २ मेला आहे, म्हणजे लागोपाठ दोन दिवस गेले. मेमध्ये समुद्राचं पाणी गार असतं. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, त्यामुळे पोहायला सप्टेंबर-ऑक्टोबर सरस. दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली तर जरूर जा. २८ ऑक्टोबरला सरकारी पुरातत्त्व स्थळांवर प्रवेश मोफत असतो. नोव्हेंबर लागला की बेटांवरची हॉटेलं मिटायला लागतात आणि बोटी कमी होतात.

शेंगेन व्हिसा ‘जिथून सोपा मिळेल तिथून’ घ्यायचा नसतो. ज्या देशात जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस समान असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. आणि ऱ्होड्स किंवा सामोसहून समोर दिसतंय म्हणून तुर्कस्तानात पाऊल टाकलं की एकेरी प्रवेशाचा व्हिसा तिथेच संपतो. परत बेटावर येता येत नाही.

राहता राहिलं जेवण. शाकाहारी माणसाचे हाल होतात, असं म्हणून कित्येक घरांतून पिशवीभर थेपले आणि चिवडा निघतो. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपवास वर्षात इतके असतात की मांस, अंडी, दूध नसलेल्या पदार्थांसाठी ग्रीक भाषेत स्वतंत्र शब्द आहे, ‘नीस्तीसिमा’. तो शब्द उच्चारला की खानावळीतली माणसं आनंदाने यादी सांगतात. मात्र त्या उपवासाला माकूल, आठपायी आणि कालवं चालतात, म्हणून ‘होरिस क्रेआस, होरिस प्सारी’, मांस नको, मासा नको, आणि कालवं-माकूलही नको, हे वेगळं सांगायचं. तेलात शिजवलेल्या भाज्या ‘लादेरा’ नावाखाली मिळतात. सांतोरिनीची ‘फावा’ जरूर मागवा. पिवळी डाळ शिजवून घोटलेली, वर ऑलिव्हचं तेल, कच्चा कांदा, लिंबू. ही डाळ आणि पूर्व विदर्भातली लाखोळी वनस्पतिशास्त्रात एकाच लॅथिरस गटातल्या. पहिला घास घेतल्यावर भंडाऱ्या-गोंदियाकडच्या माणसाला ती चव ओळखीची वाटेल.