सीट मागे, चहा मांडीवर

पुण्याहून विमानाने दिल्लीला निघालो होतो. ट्रेवर चहाचा कागदी कप, त्याला खेटून उघडा लॅपटॉप. पुढच्या गृहस्थांनी मागे न बघता सीट रेलली आणि चहा माझ्या मांडीवर आला. "अहो, सांगायचं तरी!" मी म्हणालो. त्यांनी जेमतेम मान वळवली. "बटण दिलंय ते कशासाठी मग?" पुढचे दोन तास मी ओल्या पँटीत बसून त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत राहिलो. नंतर या बटणाविषयी वाचत गेलो, तेव्हा कळलं की गैरसमज एकट्या त्यांचे नव्हते.

त्यांचा आधी घेऊ. बटण आहे म्हणून सीट हवी तेव्हा मागे नेता येत नाही. विमान धावपट्टीकडे निघाल्यापासून वर जाईपर्यंत आणि पुन्हा उतरताना पाठ सरळच हवी, असा नियम आहे. पुष्कळांना वाटतं, क्रू उगाच झोपमोड करतो. पण नव्या बनावटीच्या मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळण्याआधी, निम्मेच दरवाजे वापरून सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात हे सिद्ध करावं लागतं. खिडकीपाशी बसलेल्याला धुरात चाचपडत बाहेर यायचं असेल, तर पुढची रेललेली सीट वाटेतच येते. संकटकालीन दरवाजाच्या पुढची रांग बहुधा मागे झुकत नाही, तीही याच कारणाने. शेवटच्या रांगेमागे तर बऱ्याचदा भिंतच असते. तिथे बटण दाबून दाबून "मोडकी सीट दिली" म्हणून डाफरणारे मी पाहिलेत. सीट धडधाकट असते.

आता माझा गैरसमज. मला वाटत होतं, त्या गृहस्थांनी 'माझी' जागा बळकावली. पण विमान एकदा वर गेलं की त्या चार बोटांच्या पोकळीचा मालक कोण, हे नियमात कुठेच नाही. जेवण वाढताना सीट सरळ करायला सांगतात, ती विमान कंपनीची रीत. रेल्वे या बाबतीत शहाणी: मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढाच उघडायचा, एरवी खालच्यांना बसू द्यायचं, हे तिने लिहूनच ठेवलंय. मुंबईच्या लोकलमध्ये लिहिलेलं काही नाही, तरी चौथ्या सीटसाठी "जरा सरका" म्हटलं की तिघं सरकतात, कुरकुरत का होईना. विमानात ना नियम, ना सवय.

मग ही जागा पैसे देऊन विकत का घेऊ नये? अमेरिकेतल्या बुकाफुस्को आणि स्प्रिगमन या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१४ मध्ये ऑनलाइन पाहणी करून नेमकं हेच विचारलं. रेलण्याचा हक्क पुढच्याचा आहे असं धरलं, तर तो सोडायला पुढचे सरासरी ४१ डॉलर मागत होते आणि मागचे १८च द्यायला तयार होते. मग हक्क उलटा करून मागच्याला दिला. आता रेलण्यासाठी पुढचे १२ डॉलरच्या वर जाईनात आणि मागचे ३९च्या खाली येईनात. म्हणजे जागेची किंमत आरामावर नव्हे, ती आधी कुणाच्या हातात आहे यावर ठरत होती. गंमत पुढे आहे. पैशांऐवजी एखादं पेय किंवा खाऊ देऊ केला तर काय कराल, असं विचारल्यावर रेलणाऱ्यांपैकी ७८ टक्के सीट सरळ ठेवायला राजी झाले!

पुढची सीट मागे आली की गुडघे चिरडतात, हेही अर्धंच खरं. पाठीची बिजागरी खाली बैठकीपाशी असते, त्यामुळे सर्वांत जास्त सरकतो तो वरचा भाग. खरी आफत लॅपटॉपच्या पडद्यावर येते: त्याची कड पुढच्या सीटच्या खाचेत अडकते आणि पडदा तडकू शकतो. उंच माणसाचे गुडघे मात्र आधीच टेकलेले असतात, त्याला अर्धा इंचही जड जातो.

सीट अडवून ठेवणारं 'नी डिफेंडर' नावाचं प्लास्टिकचं खटकं मिळतं. ते लावलं की प्रश्न सुटला, असं वाटणाऱ्यांनी ऑगस्ट २०१४ची गोष्ट ऐकावी. न्यूअर्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानात एकाने ते लावलं, पुढच्या बाईंनी त्याच्या अंगावर पाणी फेकलं आणि विमान शिकागोला उतरवून दोघांनाही खाली काढलं. आपल्याकडे २०१७च्या नियमांनुसार शिवीगाळीसाठी तीन महिन्यांपर्यंत आणि ढकलाढकली, लाथाबुक्क्यांसाठी सहा महिन्यांपर्यंत विमानप्रवासाची बंदी येऊ शकते.

आणि रेलणं म्हणजे विमानप्रवासाचा कायमचा भाग, हा शेवटचा समज. रायनएअरच्या सीटा मागे जातच नाहीत. डेल्टाने २०१९ मध्ये आपल्या ए-३२० विमानांत इकॉनॉमीचं झुकणं चार इंचांवरून दोनवर आणायचं जाहीर केलं. न झुकणारी सीट वजनाला हलकी, आणि मोडायला तिच्यात फारसं काही नसतं.

हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने तर मधला मार्ग काढला होता. सीटचं कवच जागच्या जागी, रेलायचं ते त्याच्या आत, बैठक पुढे सरकवून. मागच्याला धक्का नाही, पण जागा जायची ती स्वतःच्याच पायांची. प्रवाशांनी इतकी कुरकुर केली, की काही वर्षांत कंपनीने पुन्हा मागच्याच्या अंगावर येणारी सीट बसवली.