चोवीस रुंद माग की चौसष्ट अरुंद?

भिवंडीत माग विकत घेणारा कारखानदार ‘मिनिटाला धोट्याच्या फेऱ्या किती?’ एवढेच विचारून थांबत नाही. फणी किती रुंद आहे, वीज किती लागेल, आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे मागणी कोणत्या कापडाला आहे, हे तो आधी पाहतो. कारण पैसे फेऱ्यांचे मिळत नाहीत, कापडाचे मिळतात.

संगणक घेताना मात्र भलेभले एकाच आकड्यावर भुलतात. कोणाला गिगाहर्ट्झ मोठे हवे असतात, तर कोणाला कोअरची संख्या. महाविद्यालय, विद्यापीठ किंवा नगरपालिका सर्व्हर घेते तेव्हा तो पैसा सर्वांचा असतो. म्हणून सर्व्हरच्या दोन प्रोसेसरांची तुलना कशी करावी, हे मागाच्या शहरातील व्यवहारबुद्धीने समजून घेऊ.

दोन प्रोसेसर, एक शहर

उदाहरण पुण्याचे घेऊ. तेथील आयसर या संस्थेत ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. त्यात इंटेल कंपनीचा झिऑन प्लॅटिनम ८२६८ हा प्रोसेसर वापरला आहे. पुण्याच्याच सी-डॅकने २०२० मध्ये ‘परम सिद्धी-एआय’ उभारला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमधील जगातील ५०० वेगवान संगणकांच्या यादीत तो ६३ वा होता. त्यात एएमडी कंपनीचा एपिक ७७४२ आहे. ‘सिद्धी’मधील बहुतेक आकडेमोड वेगळे ग्राफिक्स प्रोसेसर करतात, पण आपण येथे फक्त मुख्य प्रोसेसरचा विचार करू. दोन्ही प्रोसेसर २०१९ मध्ये बाजारात आले. त्यांचे आकडे असे:

| | झिऑन ८२६८ | एपिक ७७४२ |
|---|---|---|
| कोअर | २४ | ६४ |
| मूळ वेग (गिगाहर्ट्झ) | २.९ | २.२५ |
| दर ठोक्याला प्रत्येक कोअरची कमाल दशांश आकडेमोड | ३२ | १६ |
| स्मृतीकडून दर सेकंदाला माहिती (अब्ज बाइट) | सुमारे १४१ | सुमारे २०५ |
| उष्णतेची मर्यादा (वॅट) | २०५ | २२५ |
| कंपनीने जाहीर केलेली किंमत (डॉलर) | ६,३०२ | ६,९५० |

फेऱ्या, माग आणि फणी

प्रोसेसरचे काम एका घड्याळाच्या ठोक्यांवर चालते. २.९ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २९० कोटी ठोके. ठोका म्हणजे आपल्या धोट्याची एक फेरी आणि कोअर म्हणजे एक स्वतंत्र माग, असे समजा. झिऑनच्या कारखान्यात २४ माग आहेत, त्यांच्या सेकंदाला मिळून ६,९६० कोटी फेऱ्या होतात. एपिकच्या ६४ मागांच्या मिळून १४,४०० कोटी होतात. येथेच हिशेब थांबवला, तर एपिक दुपटीहून सरस ठरतो.

पण फणीची रुंदी पाहायची राहिली. झिऑनचा कोअर एका ठोक्यात दशांश संख्यांच्या ३२ क्रिया करू शकतो, एपिकचा १६. म्हणजे झिऑनचे माग दुप्पट रुंद आहेत. ६,९६० ला ३२ ने आणि १४,४०० ला १६ ने गुणले, तर उत्तरे २,२२,७२० कोटी आणि २,३०,४०० कोटी अशी येतात. फरक जेमतेम साडेतीन टक्क्यांचा!

मग दोन्ही सारखेच म्हणायचे का? नाही. रुंद मागावर चादर विणली तरच त्याची रुंदी कामी येते. एकच रुमाल काढला तर अर्धी फणी रिकामी राहते. एकाच प्रकारची क्रिया शेकडो संख्यांवर एकदम करायची असेल, उदाहरणार्थ मोठ्या सारणींचा गुणाकार, तर ती ‘चादर’ आहे. हजारो विद्यार्थी एकाच वेळी संकेतस्थळावर आपला निकाल पाहत असतील, तर प्रत्येकाची मागणी हा वेगळा ‘रुमाल’ आहे. तेथे रुंदीपेक्षा मागांची संख्या मोलाची ठरते.

आणखी एक साम्य लक्षात घ्या. रुंद मागावर धोट्याला लांबचा पल्ला गाठावा लागतो, म्हणून त्याच्या फेऱ्या कमी होतात. झिऑनवर रुंद क्रिया सतत चालल्या की उष्णता वाढते आणि ती आवरण्यासाठी प्रोसेसर आपले ठोके कमी करतो. कारण निराळे, परिणाम तोच. म्हणून वर काढलेले २,२२,७२० कोटी हे कागदावरचे कमाल आहे, प्रत्यक्षात मिळते त्याहून कमी.

सूत वेळेवर येते का?

धोट्यातील कांडी संपली की साधा माग थांबतो. फेऱ्या कितीही असोत, सूत नसेल तर कापड नाही. प्रोसेसरचे सूत म्हणजे स्मृतीतून येणारी माहिती. झिऑनला स्मृतीकडे जाणाऱ्या ६ वाटा आहेत, एपिकला ८, आणि एपिकची प्रत्येक वाट थोडी वेगवानही आहे. त्यामुळे त्याला सुमारे ४५ टक्के अधिक माहिती मिळते.

हवामानाच्या गणितात वातावरणाचे असंख्य चौकोन पाडून प्रत्येकाचे तापमान, दाब, आर्द्रता, वारा हे आकडे स्मृतीतून आणावे लागतात. त्यांवर थोडीशी आकडेमोड होते आणि उत्तर परत ठेवले जाते. अशा कामात कोअर बराच वेळ वाट पाहत बसतात. तेथे गिगाहर्ट्झपेक्षा माहितीच्या वाटा किती रुंद आहेत, हे आधी विचारावे लागते.

एक काम सगळ्यांना अडवते

ताण्याच्या सुताला खळ देण्याचे सायझिंग वेळेवर झाले नाही, तर कारखान्यात २४ माग असोत की ६४, सगळे रिकामे उभे राहतात. संगणकशास्त्रज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये हाच मुद्दा संगणकांबाबत मांडला. कामाचा काही भाग वाटून घेता येत नसेल, तर कोअर वाढवून होणाऱ्या लाभाला मर्यादा पडते.

समजा, कामाचा दहावा भाग एकाच कोअरला करावा लागतो. मग २४ कोअरनी काम सुमारे ७.२७ पट जलद होते, तर ६४ कोअरनी केवळ ८.७७ पट. आता ठोके हिशेबात घेऊ. प्रत्येक ठोक्यात दोघे सारखेच काम करतात असे मानले, तर ७.२७ × २.९ = २१.१ आणि ८.७७ × २.२५ = १९.७. म्हणजे अशा कामात २४ कोअरचा प्रोसेसर ६४ कोअरच्या पुढे जातो!

रुपयाचा हिशेब

किंमत केवळ खरेदीची नसते. डॉलर ७० रुपयांचा, वीज युनिटला १० रुपये आणि यंत्र पाच वर्षे अखंड चालणार, असे धरू. २२५ वॅट म्हणजे वर्षाला १,९७१ युनिट, २०५ वॅट म्हणजे सुमारे १,७९६ युनिट. खरेदी आणि वीज मिळून झिऑनचे सुमारे ५ लाख ३१ हजार रुपये होतात, एपिकचे ५ लाख ८५ हजार. एपिकला सुमारे १० टक्के अधिक पैसे पडतात. वातानुकूलनाचा खर्च यात धरलेला नाही.

आता निवाडा करू. स्वतंत्र लहान कामे भरपूर असतील, तर १० टक्के अधिक पैशांत दुप्पट फेऱ्या मिळतात: एपिक घ्यावा. माहितीची ने-आण मोठी असेल, तर ४५ टक्के लाभ होतो: तरीही एपिकच. निव्वळ रुंद आकडेमोड असेल, तर कागदावर तरी झिऑन किंचित स्वस्त पडतो, मात्र ठोके घटतात हे विसरू नये. वाटून न घेता येणारा भाग मोठा असेल, तर झिऑन. शिवाय काही सॉफ्टवेअरचे परवाना शुल्क कोअरमागे आकारले जाते, तेव्हा ६४ कोअर महागात पडू शकतात.

तेव्हा ‘चांगला प्रोसेसर कोणता?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या कामासाठी?’ हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. खरेदी समितीने आपलेच नेहमीचे काम दोन्ही यंत्रांवर चालवून घड्याळ लावून पाहणे, ही सर्वांत भरवशाची कसोटी होय.

वर्गात करून पाहा

विद्यार्थ्यांना वरील तक्ता द्यावा आणि वाटून न घेता येणारा भाग १० ऐवजी २ टक्के धरून गणित पुन्हा करायला सांगावे. उत्तर उलटते का? किती टक्क्यांच्या आसपास दोन्ही प्रोसेसर बरोबरीला येतात, हे त्यांनी आलेख काढून शोधावे. भिवंडीसारख्या गावात शाळा असेल, तर मुलांनी घरच्या किंवा शेजारच्या मागाच्या फेऱ्या, इंचामागे बसणारे आडवे धागे, दिवसाची वीज आणि प्रत्यक्ष निघालेले मीटर यांची नोंद करावी. फेऱ्यांवरून काढलेले कापड आणि खरोखर निघालेले कापड यांत फरक दिसेल. तो कशामुळे पडला, याचे उत्तर माग चालवणारा कामगार मुलांना नेमके सांगू शकेल.