अर्ध्या डॉलरची लस

न्हावा शेवाहून जगभर माल जातो. पण महाराष्ट्राने आफ्रिकेला दिलेली एक मोलाची वस्तू काचेच्या कुपीत मावते: मेंदूज्वराची लस.

सेनेगल ते इथिओपिया या कोरड्या पट्ट्यात १९९६-९७ च्या साथीत सुमारे २५ हजार माणसे दगावली. वाचलेली कित्येक मुले बहिरी झाली. त्या गरीब देशांना अर्ध्या डॉलरहून स्वस्त लस हवी होती. ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. मुंबईच्या हाफकिनमध्ये काम करून १९७९ मध्ये सीरममध्ये आलेले डॉ. सुरेश जाधव हे त्या कामातले एक प्रमुख.

डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. लस पोचली तिथून ‘अ’ प्रकारचा मेंदूज्वर जवळजवळ हटला.

जाधव २०२१ मध्ये गेले. नायजर-मालीत आज दस्तरखानावर इफ्तारची वाट पाहणाऱ्या मुलांना त्यांचे नाव ठाऊक नसेल. मगरिबची अजान मात्र त्यांना ऐकू येते.