लार्सन पिंजरा

दक्षिण इंग्लंडात मार्च महिना लागला, म्हणजे शेतांच्या बांधांवरील काटेरी कुंपणांना पालवी फुटण्यापूर्वीच मॅगपाय पक्ष्यांची जोडपी आपापली हद्द मुक्रर करून बसतात; आणि नेमक्या त्याच सुमारास, तित्तिर आणि फेझंट यांसारख्या शिकारीच्या पक्ष्यांची राखण करण्यासाठी जमीनमालकांनी नेमलेले रखवालदार, ज्यांना तिकडे गेमकीपर म्हणतात, लाकडी चौकटीचे व तारेच्या जाळीचे पिंजरे अडगळीतून बाहेर काढतात, त्यांच्या स्प्रिंगा आणि बिजागऱ्या तपासतात आणि कुंपणालगत, झाडावरून सहज दिसतील अशा जागी नेऊन मांडतात. या पिंजऱ्याच्या एका कप्प्यात एक जिवंत मॅगपाय कोंडलेला असतो. धान्य, मांस किंवा अंडी यांच्यापेक्षा हा जिवंत पक्षीच दुसऱ्या मॅगपायला पिंजऱ्याकडे ओढून आणतो, आणि तो का ओढून आणतो हे एकदा समजले, म्हणजे या उपकरणाची परिणामकारकता आणि त्यातले क्रौर्य ही दोन्ही एकाच मुळातून उगवलेली आहेत हे ध्यानात येते.

मॅगपाय हा काककुलातील पक्षी. महाराष्ट्रात त्याची वस्ती नाही, भारतात तो पाहावयाचा तर लडाखला जावे लागते. मात्र आपल्या आमरायांतून लांब शेपटी सावरीत हिंडणारा टकाचोर हा त्याच कुळातला असल्यामुळे, त्याच्या धिटाईवरून आणि चोरट्या चपळाईवरून मराठी वाचकाला मॅगपायची थोडीबहुत कल्पना करता येईल. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर भरते आणि तीत निम्म्याहून अधिक वाटा शेपटीचाच असतो. दुरून तो निव्वळ काळापांढरा भासतो, परंतु जवळ आला आणि उन्हाची तिरीप अंगावर पडली, की पंखांवर गडद निळी आणि शेपटीवर हिरवट-जांभळी झळाळी उमटते. त्याचे घरटे म्हणजे स्थापत्याचा एक उत्तम नमुना होय : बाहेरून काटेरी काटक्यांची भक्कम रचना, आत चिखलाचे लिंपण, त्यावर बारीक मुळ्यांचे अस्तर, आणि बहुधा वर काटक्यांचेच छप्पर घालून बाजूने ठेवलेली अरुंद वाट. मादी साधारणपणे ५ ते ७ अंडी घालते व तीन आठवडे ती उबवते. वर्षाचा बहुतेक काळ किडे, अळ्या, धान्य, फळे आणि मेलेल्या प्राण्यांचे मांस यांवर त्याचा निर्वाह चालतो; पण वसंतात, सगळेच पक्षी घरट्यांवर बसलेले असताना, तो त्यांची अंडी आणि नुकती जन्मलेली पिले उचलतो, आणि याच एका सवयीपायी त्याच्यावर सारे किटाळ आलेले आहे. इंग्रज लोकसमजुतीने त्यात आपली भर घातली आहे. एकटा मॅगपाय दिसणे तिकडे अशुभ मानतात, आणि तो अपशकुन टळावा म्हणून त्याला मुद्दाम अभिवादन करणारी शिकलीसवरलेली माणसे आजही तेथे आढळतात. त्याच्या बुद्धीविषयी मात्र दुमत नाही. जर्मनीतील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, गळ्याखाली रंगीत ठिपका चिकटवलेल्या काही मॅगपायांनी आरशात पाहून तो ठिपका स्वतःच्या अंगावरून काढण्याचा प्रयत्न केला. आरशातील प्रतिमा म्हणजे आपणच, ही ओळख सस्तन प्राण्यांपलीकडच्या जिवात त्या वेळी प्रथमच नोंदली गेली.

आता पिंजऱ्याच्या रचनेकडे वळू. सुमारे मीटरभर लांबीरुंदीची आणि त्याच्या निम्म्या उंचीची ही पेटी तीन कप्प्यांत विभागलेली असते. एका कप्प्यात बोलावणारा पक्षी ठेवतात, उरलेले दोन धरपकडीसाठी असतात. या दोन कप्प्यांची दारे बहुधा वरच्या बाजूला असतात. ती स्प्रिंगेच्या जोराने मिटू पाहतात, पण मधे एक लाकडी दांडी अडकवून त्यांना उघडे धरलेले असते. ही दांडी मध्यभागी कापलेली असून तिचे दोन तुकडे केवळ परस्परांच्या दाबावर एका रेषेत टिकून राहतात. पाहणाऱ्या पक्ष्याला मात्र ती बसण्याजोगी चांगली फांदी वाटते. बाहेरचा मॅगपाय प्रथम पिंजऱ्याभोवती घिरट्या घालतो, कर्कश कचकचाट करीत जाळीवर चढतो, आतल्या पक्ष्याला टोचण्याचा यत्न करतो, आणि अखेर त्याच्या अधिक निकट जाण्यासाठी त्या दांडीवर उतरतो. त्याच्या दोन-अडीचशे ग्रॅम वजनाने दांडीचे तुकडे निखळतात, तो खाली पडतो आणि दार डोक्यावर बंद होते. त्याच्या अंगाला जखम होत नाही. जाळीपलीकडे ज्याला हुसकून लावण्यासाठी तो आला होता, त्याच्याच शेजारी तो जिवंत उभा असतो.

त्याला येथवर आणणारी प्रेरणा भूक नव्हे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रजननाच्या ऋतूत मॅगपायचे जोडपे आपल्या हद्दीत परक्या मॅगपायला क्षणभरही थारा देत नाही. आणि आपल्या घरट्यासमोर, उघड्यावर, ठाण मांडून बसलेला आणि काही केल्या हलत नसलेला एक अनोळखी पक्षी दिसला, की घरधनी असलेली ती दोन्ही पाखरे सावधपणा विसरतात. एरवी माणसाची सावली पडली तरी उडून जाणारा हा पक्षी त्या वेळी पिंजऱ्याचा संशय घेत नाही. आपल्याकडील फासेपारधी पिंजऱ्यात पाळलेला तित्तिर रानात नेऊन ठेवीत आणि त्याच्या सादेला प्रत्युत्तर देण्यासाठी धावून येणारा रानतित्तिर फाशात अडकवीत, त्या विद्येचे मर्मही हेच. म्हणूनच हा पिंजरा मार्च ते जुलै एवढ्याच काळात खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो, आणि पकडलेल्या जोडप्याच्या जागी, हद्द न मिळालेल्या बिनबिऱ्हाडी मॅगपायांपैकी दुसरे कोणीतरी थोड्याच अवधीत येऊन बसत असल्यामुळे, सारा हंगामभर तो पुनःपुन्हा मांडावा लागतो.

ही युक्ती १९५० नंतरच्या दशकात डेन्मार्कमधील लार्सन नावाच्या एका गेमकीपरने काढली आणि पिंजऱ्याला त्याचेच नाव चिकटले. ब्रिटनमध्ये त्याचा प्रसार १९९० च्या सुमारास झाला, आणि तो होण्यास सबळ कारण होते. करडा तित्तिर हा इंग्लंडच्या शेतीप्रदेशाचा एके काळचा सर्वपरिचित पक्षी, पण दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची संख्या झपाट्याने घसरत गेली. त्या ऱ्हासाचे पहिले कारण मॅगपाय नव्हे. तणनाशकांनी शेतातील तण नाहीसे झाले, तणाबरोबर त्यावरचे किडे गेले, आणि किड्यांवाचून तित्तिराची पिले जन्मतःच उपाशी मरू लागली. डिक पॉट्स या शास्त्रज्ञाने ससेक्समधील दीर्घ अभ्यासातून ही साखळी उलगडून दाखवली. परंतु उरलेल्या तित्तिरांवर भक्षक प्राण्यांचा भार किती पडतो, हा प्रश्न शिल्लक होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी सॉल्सबरी प्लेन या विस्तीर्ण माळरानावर दोन प्रदेश निवडण्यात आले. पहिली तीन वर्षे एका प्रदेशात कोल्हे, कावळे, मॅगपाय इत्यादी भक्षकांचा बंदोबस्त केला, दुसरा तसाच सोडला, आणि पुढील तीन वर्षे हीच व्यवस्था उलट केली. तीन वर्षांच्या बंदोबस्तानंतर तेथील तित्तिरांची ऑगस्टमधील संख्या बंदोबस्त नसलेल्या प्रदेशाच्या मानाने साडेतीनपट आणि वसंतातील जोड्यांची संख्या २.६ पट झाल्याचे दिसून आले. हे आकडे कोणाही निःपक्ष वाचकाने मान्य केले पाहिजेत. मात्र या प्रयोगात अनेक भक्षक एकाच वेळी हटवले होते, त्यामुळे यशाचे श्रेय एकट्या मॅगपायच्या नावावर मांडता येत नाही, हेही तितक्याच निःपक्षपणे सांगितले पाहिजे.

परसबागेतील गाणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट निराळी आहे, आणि सर्वसामान्य इंग्रज गृहस्थाचा मॅगपायवरील राग मुख्यत्वे तिथूनच निघतो. खिडकीसमोरच्या झुडपातील कस्तुराचे पिलू डोळ्यांदेखत उचलून नेताना पाहिलेला मनुष्य मॅगपायचा कायमचा वैरी होतो, आणि त्याचे दुःख खोटे नसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॅगपाय वाढले, गाणारे पक्षी कमी झाले, तेव्हा एक दुसऱ्याचे कारण असावे असा तर्क लोकांनी केला, तोही स्वाभाविकच. परंतु ब्रिटनच्या दीर्घकालीन पक्षीगणनेची छाननी करणाऱ्यांना, जेथे मॅगपाय वाढले तेथेच गाणारे पक्षी अधिक घटले, असा संबंध बहुसंख्य जातींच्या बाबतीत सापडला नाही. काककुलातील पक्ष्यांचा इतर पक्ष्यांवर काय परिणाम होतो, यासंबंधी जगभरात झालेल्या अभ्यासांचा आढावा २०१५ साली ‘आयबिस’ या पक्षिशास्त्रीय नियतकालिकात आला. त्यात तपासलेल्या ३२६ प्रकरणांपैकी ८१ टक्क्यांत कोणताही परिणाम आढळला नव्हता. कारण सरळ आहे. लहान पक्ष्यांची बहुतेक पिले मोठी होण्यापूर्वी कशाने ना कशाने मरतातच. मॅगपायने नेले नाही ते पिलू मांजर, थंडी किंवा उपासमार नेते, आणि पुढच्या वसंतात किती जोड्या उरणार हे बहुधा अन्न आणि आसरा यांवरच ठरते. डोळ्यांसमोर घडलेली हत्या आपल्या मनावर ठसते. शेतातून किडे नाहीसे झाल्याने पडलेला दुष्काळ कोणाच्या खिडकीतून दिसत नाही.

कायद्याने या प्रकरणी मधला मार्ग धरला आहे. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्यान्वये सर्व रानपक्ष्यांना संरक्षण आहे, मॅगपायलाही. सरकार मात्र सर्वसाधारण परवाने जाहीर करते आणि त्यांतील अटी पाळणारा जमीनधारक किंवा त्याने मुखत्यार केलेला इसम, स्वतंत्र अर्ज न करता, विशिष्ट हेतूंसाठी मॅगपाय पकडून मारू शकतो : रानपक्ष्यांचे संवर्धन, किंवा पिके आणि गुरेढोरे यांचे गंभीर नुकसान टाळणे. बंदुकीला अधिक पक्षी मिळावेत, किंवा मॅगपाय आवडत नाही, ही कारणे त्यात बसत नाहीत. अर्जच नसल्यामुळे या हेतूंची शहानिशा कोण करणार, असा सवाल क्रिस पॅकहॅम, मार्क एव्हरी आणि रूथ टिंगे यांच्या ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेने उपस्थित केला, आणि त्या कायदेशीर आव्हानापुढे एप्रिल २०१९ मध्ये इंग्लंडातील असे तीन परवाने एकाएकी रद्द करावे लागले. शेतकरी आणि गेमकीपर यांच्यात मोठी खळबळ उडाली. काही आठवड्यांत नवे परवाने निघाले, पण त्यानंतर अटींची भाषा अधिक काटेकोर झाली.

या अटींमध्ये मला सर्वाधिक महत्त्वाच्या वाटतात त्या बोलावणाऱ्या पक्ष्यासंबंधीच्या. पकडलेला मॅगपाय त्वरेने आणि कमीत कमी यातनेने मारला जातो. त्याची व्यथा अल्पकाळाची असते. आतला पक्षी मात्र दिवसेंदिवस उघड्या शेतात, घरधन्यांच्या हल्ल्यांसमोर, पळून जाण्याची वाट नसताना बसून असतो, आणि हे त्याने आरशात स्वतःला ओळखू शकणाऱ्या बुद्धीनिशी सोसायचे असते. त्याला पुरेसे अन्न, स्वच्छ पाणी, वाऱ्यापावसापासून निवारा आणि बसण्यास योग्य दांडी दिलीच पाहिजे, त्याला बांधून ठेवता कामा नये, जखमी किंवा आजारी पक्षी या कामी वापरता कामा नये, आणि चोवीस तासांच्या आत पिंजऱ्याची तपासणी झालीच पाहिजे, असा दंडक आहे. दुसऱ्या जातीचा पक्षी चुकून सापडला तर तो तत्काळ मोकळा करावयाचा असतो, आणि हंगाम संपल्यावर पिंजरा निकामी करून ठेवावयाचा असतो, म्हणजे विसरलेल्या पेटीत एखादा जीव तहानेने तडफडून मरणार नाही.

माझे मत असे, की जेथे करड्या तित्तिरासाठी किडे टिकवणारी शेतीही केली जात आहे, पक्ष्यांची गणना ठेवली जात आहे आणि रोज सकाळी पिंजऱ्यापाशी येणारा जबाबदार मनुष्य आहे, तेथे काही आठवड्यांपुरता हा पिंजरा समर्थनीय ठरतो. परसबागेतल्या रागापोटी लावलेला पिंजरा समर्थनीय ठरत नाही. त्याने मॅगपाय कमी होत नाहीत आणि कस्तुरही वाढत नाहीत.

ब्रिटनमध्ये वास्तव्य करणारी अनेक मराठी कुटुंबे वसंतात शेतांमधील पायवाटांनी फिरावयास जातात. त्यांना कुंपणापाशी असा पिंजरा आढळला तर आतल्या पक्ष्याची कणव येऊन दार उघडण्याचा मोह होईल. तो आवरावा, कारण कायदेशीरपणे मांडलेल्या पिंजऱ्याची मोडतोड हा गुन्हा ठरू शकतो. त्याऐवजी आत पाणी, अन्न आणि निवारा आहे की नाही एवढे बाहेरूनच पाहावे, जागा व वेळ टिपून ठेवावी, स्कॉटलंडमध्ये असाल तर पिंजऱ्यावरील ओळख क्रमांकही लिहून घ्यावा. आणि पाण्याचे भांडे कोरडे दिसले, आतला पक्षी जखमी असला किंवा भलताच पक्षी अडकलेला दिसला, तर इंग्लंड-वेल्समध्ये आरएसपीसीए, स्कॉटलंडमध्ये एसएसपीसीए या प्राणिरक्षक संस्थांना अथवा पोलिसांना १०१ या क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे.