कोहिमाला जायचं ठरवताना

मंडळाच्या जुलैच्या बैठकीत मी एकदा सहज म्हणून गेले होते, "या वर्षी सहल लांब काढू या. गोवा, हंपी, कोल्हापूर पुरे झालं." सर हसले आणि म्हणाले, "मग तूच बेत कर." मी लगेच कागद घेतला आणि त्यावर 'कोहिमा' लिहिलं. नागालँडची राजधानी, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,400 मीटरवर डोंगराच्या कण्यावर वसलेलं शहर. कारण एवढंच की हॉस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या खोलीतली मैत्रीण तिथली आहे. वाटलं, माहिती घरबसल्या मिळेल.

दोन दिवसांत बेत तयार झाला. डिसेंबरमध्ये हॉर्नबिल महोत्सव, रविवारी बाजारात खरेदी, संध्याकाळी सहापर्यंत डोंगरावर फिरणं, एका दिवसात तीन गावं. मोठ्या ऐटीत मी तो कागद मैत्रिणीला दाखवला. तिने शेवटपर्यंत वाचला आणि हिंदी-मराठी मिसळून विचारलं, "तुम लोग माझ्या गावाला येताय की झू बघायला?"

तो बेत फसला. नंतर फेब्रुवारीत आम्ही चौघी जाऊन आलो ते दुसऱ्या बेताने. मंडळातल्या कुणाला पुढे जायचं असेल तर पहिल्या कागदावरच्या चुकांपासूनच सांगायला सुरुवात करते.

केव्हा जावं?

हॉर्नबिल महोत्सव दरवर्षी 1 ते 10 डिसेंबरला भरतो. 1 डिसेंबर 1963 ला नागालँड राज्य झालं, म्हणून ती तारीख. 2000 सालापासून हा महोत्सव चालू आहे. कोहिमापासून दहा-बारा किलोमीटरवर किसामा नावाचं ठिकाण आहे. तिथे प्रत्येक जमातीच्या पद्धतीचं 'मोरुंग', म्हणजे पूर्वी गावातली तरुण मुलं एकत्र राहून रीतभात शिकायची ते घर, बांधलेलं आहे. महोत्सव बघण्यासारखा आहे यात शंका नाही. पण त्या दहा दिवसांत खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत. आम्ही ऑक्टोबरमध्ये चौकशी केली तेव्हा उशीर झालेला होता. शिवाय आपली सेमिस्टर परीक्षा त्याच सुमारास येते.

जून ते सप्टेंबर भरपूर पाऊस. दरडी कोसळून रस्ते बंद पडतात. आपल्या चोर्ला घाटाचा पावसाळ्यातला अनुभव असेल तर त्याच्या कितीतरी पट धरा. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा. फेब्रुवारीच्या शेवटी अंगामी लोकांचा 'सेक्रेनी' हा शुद्धीचा सण असतो. कोहिमा हा अंगामींचा मुलूख, त्यामुळे तो सण घराघरांत असतो. पर्यटकांसाठी मांडलेला नसतो. मैत्रिणीने आम्हाला हीच वेळ सुचवली.

आता घड्याळाची गोष्ट. आपल्या देशाची प्रमाणवेळ एक, पण सूर्य काही ती पाळत नाही. कोहिमा इतकं पूर्वेला आहे की डिसेंबरच्या सुरुवातीला तिथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो. त्याच दिवशी बेळगावात मावळायला सहा वाजतात. दीड तासाचा फरक! म्हणून तिथला दिवस पहाटे सुरू होतो आणि दुकानं लवकर बंद होतात. माझ्या कागदावरचं 'संध्याकाळी सहापर्यंत फिरणं' वाचून मैत्रीण का हसली ते तिथे गेल्यावर कळलं. फेब्रुवारीत पाच-सव्वापाचला अंधारायला लागतं. पहाटे पाचला उठायचं आणि दुपारी चारपर्यंत मुक्कामी परतायचं, असं ठरवलं तर काही चुकत नाही.

आणि रविवार. 2011 च्या जनगणनेनुसार नागालँडमधले सुमारे 88 टक्के लोक ख्रिस्ती आहेत, त्यात बॅप्टिस्ट सर्वांत जास्त. रविवारी बाजार बंद, टॅक्स्या कमी, सगळं गाव चर्चमध्ये. रविवारी पोहोचायचं किंवा निघायचं ठेवू नका. त्या दिवशी कोहिमातच थांबा. उपासनेला जाऊन बसलात तर कुणी हटकत नाही, आणि तिथलं गाणं ऐकण्यासारखं असतं. आपल्या कॉलेजच्या कॉयरमधल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगतेय.

परवाना

नागालँडमध्ये जायला भारतीय नागरिकालाही 'इनर लाइन परमिट' लागतं. पूर्वी दिमापूरपुरतं ते लागत नसे. 2019 च्या डिसेंबरपासून तिथेही लागू झालं. राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. फोटो, ओळखपत्र, कुठे राहणार ते, आणि शुल्क. प्रवासाच्या निदान दोन-तीन आठवडे आधी करा. छापील दोन प्रती जवळ ठेवा, मोबाइलच्या भरवशावर राहू नका.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी चिडून म्हणाले होते, "आपल्याच देशात परवाना कशाला?" मैत्रिणीने वाद घातला नाही. म्हणाली, "हा नियम कधीचा आहे ते शोध." शोधलं. 1873 चा निघाला. इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी ती रेषा आखली. डोंगरात कोण जातो, काय व्यापार करतो, यावर त्यांना ताबा हवा होता. इंग्रज गेले, रेषा राहिली, पण तिचा अर्थ बदलला. आज तिथल्या लोकांना ती आपल्या जमिनीचं आणि कमी लोकसंख्येच्या समाजाचं कुंपण वाटते. संविधानातल्या 371-अ या कलमाचंही तसंच आहे. नागांचे धार्मिक-सामाजिक आचार, रूढ कायदा आणि जमिनीची मालकी याबाबत संसदेने केलेला कायदा नागालँडच्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय तिथे लागू होत नाही. आपण सीमाभागातले. कागदावरची रेषा माणसाच्या रोजच्या जगण्यात कशी शिरते ते आपल्याला कुणी शिकवायला नको. तरी मला ते लगेच सुचलं नव्हतं, हे खरं.

वाट

कोहिमाला विमानतळ नाही, रेल्वे नाही. दोन्ही दिमापूरला. तिथून कोहिमा 74 किलोमीटर. वाटेत अडलं नाही तर अडीच-तीन तास लागतात. स्टेशनबाहेर वाटून घ्यायच्या टॅक्स्या आणि सुमो मिळतात. दुपारनंतर त्या कमी होतात, म्हणून दिमापूरला सकाळी पोहोचणारी गाडी बघा.

आपल्याकडून सरळ मार्ग असा नाही. आम्ही बेळगावहून रात्रीच्या बसने बेंगळुरू, तिथून विमानाने गुवाहाटी, आणि पुढे रेल्वेने दिमापूर असं केलं. विमानाचं तिकीट दोन महिने आधी काढलं म्हणून परवडलं. येताना पैसे वाचवायला गुवाहाटी ते बेंगळुरू रेल्वेने आलो. आसाम, बंगाल, ओडिशा, आंध्र असं करत दोन रात्री उलटल्या आणि तिसरी सुरू झाली, तरी बेंगळुरू आलं नव्हतं. त्या गाडीत मला पहिल्यांदा जाणवलं की दिवाळीच्या पाच दिवसांच्या सुट्टीत आम्ही सगळ्या घरी पळतो तेव्हा मैत्रीण हॉस्टेलवर का राहते. आम्ही तिला विचारायचो, "तुला घरची आठवण येत नाही?" जायला तीन दिवस, यायला तीन दिवस. पाच दिवसांत ती कुठे जाणार होती?

म्हणून सहलीचे दिवस मोजताना प्रवासाचे दिवस आधी बाजूला काढा. दहा दिवसांची सुट्टी असेल तर कोहिमाला चार-पाच दिवसच मिळतात. त्यात तीन गावं नाही, एकच गाव करा.

काय बघावं?

सर्वांत आधी युद्धस्मशान. 1944 च्या एप्रिल ते जून या महिन्यांत जपानी सैन्य आणि ब्रिटिश-भारतीय सैन्य यांच्यात इथे घनघोर लढाई झाली. एका टप्प्यावर दोन्ही बाजूंच्या मध्ये फक्त डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट होतं. त्या कोर्टाच्या पांढऱ्या रेषा आजही राखून ठेवल्या आहेत. 1,420 थडगी आहेत, आणि वरच्या बाजूला अग्निसंस्कार झालेल्या 917 हिंदू व शीख सैनिकांचं वेगळं स्मारक. तिथली सगळी नावं वाचायला निदान दोन तास हवेत. खालच्या एका स्मारकावरच्या ओळी जगभर प्रसिद्ध आहेत. त्या मी इथे देत नाही, तिथे उभं राहूनच वाचा.

आम्ही निघण्याआधी आमच्या गल्लीतले निवृत्त सुभेदार काका भेटले. त्यांचं सगळं आयुष्य बेळगावच्या मराठा सेंटरशी बांधलेलं. मी कोहिमा म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मग सांगशाक बघणार की नाही?" मला ते नावही ठाऊक नव्हतं. सांगशाक हे मणिपूरच्या उखरूल भागातलं खेडं. 22 ते 26 मार्च 1944 या दिवसांत तिथे 50 व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने जपान्यांना रोखून धरलं. त्या ब्रिगेडसोबत 5 व्या मराठा लाइट इन्फंट्रीची 4 थी पलटण लढत होती. कोहिमावर चालून येणाऱ्या जपानी डिव्हिजनचा एक भाग तिथे अडकून पडला आणि कोहिमाच्या बचावाला तेवढे दिवस मिळाले. मणिपुरातली परिस्थिती 2023 पासून बिघडलेली असल्यामुळे आम्ही तिकडे गेलो नाही, तुम्हीही नीट चौकशी केल्याशिवाय जाऊ नका. पण टेनिस कोर्टाच्या कडेला उभं राहून आम्ही काकांना फोन लावला. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "थंडी आहे काय गं तिथे? स्वेटर घातलाय न्हवं?"

हे लक्षात ठेवा की ती लढाई ज्यांच्या अंगणात झाली ते लोक दोन्ही सैन्यांपैकी कुणाचेच नव्हते. त्यांची घरं जळाली, धान्य गेलं, ते जंगलात पळाले. स्मशानात त्यांची बाजू फारशी दिसत नाही. ती ऐकायची तर गावात बसावं लागतं.

दुसरं ठिकाण खोनोमा. कोहिमापासून वीसेक किलोमीटरवरचं अंगामी गाव. 1879 मध्ये इंग्रजांशी झुंजलेलं. नागा राष्ट्रवादी चळवळीचे नेते फिझो इथलेच. 1998 मध्ये गावाने स्वतःहून शिकारीवर बंदी घातली आणि आपलं जंगल ट्रॅगोपान पक्ष्यासाठी राखलं. आम्ही स्थानिक वाटाड्या घेतला. त्याने शेतातली आल्डरची झाडं दाखवली. ही झाडं मुळासकट तोडत नाहीत, डोक्याएवढ्या उंचीवर छाटतात. पुन्हा धुमारे फुटतात, आणि मुळं जमिनीत नत्र धरून ठेवतात. त्यामुळे फिरती शेती करूनही जमिनीचा कस टिकतो. माझी बॉटनीवाली मैत्रीण तिथून हलायलाच तयार नव्हती.

जुको खोऱ्यात जायचं असेल तर विस्वेमा किंवा जाखामा गावाकडून चढण आहे. उंची सुमारे 2,450 मीटर, फुलांचा काळ जून-जुलै. हिवाळ्यात तिथे रात्री गोठायला होतं. चांगलं अंथरूण-पांघरूण नसेल तर मुक्काम टाळा.

बोलणं, खाणं, फोटो

'नागा' ही एक भाषा नाही. अंगामी, आओ, लोथा, सुमी, कोन्याक, प्रत्येकाची भाषा वेगळी. एकमेकांशी बोलायला असमियावर आधारलेली नागामीज, आणि सरकारी कामकाज इंग्रजीत. बाजारात हिंदीवर भागतं. खाण्यात डुकराचं धुरावलेलं मांस, बांबूचे कोंब, राजा मिरची आणि आंबवलेलं सोयाबीन, ज्याला 'आखुनी' म्हणतात. शाकाहारी असाल तर आधी सांगा, भात आणि उकडलेल्या भाज्या मिळतातच. 1989 च्या कायद्याने राज्यात दारूबंदी आहे. फोटो काढायच्या आधी विचारा. पारंपरिक शाल पांघरलेली आजी रस्त्यात दिसली म्हणजे ती आपल्यासाठी उभी नाही.

मंडळातल्या लोकांना आणखी एक सांगणं. जाण्याआधी तेमसुला आओ यांच्या कथा आणि ईस्टरीन कीरे यांची 'मारी' ही कादंबरी वाचा. 'मारी' कोहिमाच्या लढाईतल्या एका मुलीची गोष्ट आहे. मी ती गाडीत वाचली, खरं तर महिनाभर आधी वाचायला हवी होती.

शेवटचं. पहिल्या वर्षी हॉस्टेलमध्ये मैत्रिणीने एकदा आखुनी शिजवली होती. वासाने सगळा मजला नाक दाबून बाहेर आला. वॉर्डनकडे तक्रार नेणाऱ्यांत मी होते. त्यानंतर तिने कधी शिजवली नाही. कोहिमात तिच्या आईने आम्हाला जेवायला वाढलं तेव्हा ताटात तीच होती, आणि मी दोनदा मागून घेतली. निघताना काकींनी एक पुडकं दिलं, केळीच्या पानात गुंडाळलेलं, वर चार प्लास्टिकच्या पिशव्या. "तिला द्या," एवढंच म्हणाल्या.

गाडीत दुसऱ्या दिवशी डब्यातले लोक एकमेकांकडे बघायला लागले. आम्ही चौघी खिडकीबाहेर बघत बसलो. पुडकं नीट पोहोचलं. या वेळी वॉर्डनना आधी सांगितलं, आणि मजल्यावरच्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. बाराजणींपैकी सात आल्या.

पुढच्या फेब्रुवारीत कुणी जाणार असेल तर मला कळवा. काकींना द्यायला बेळगावचा कुंदा पाठवायचा आहे.