हिवाळ्यात परसदारी: कोंबडी सांभाळा, मटण वाळवा

दिवाळी उरकली, भाताची कापणी-झोडणी झाली आणि हरभऱ्याला फुटवे येऊ लागले, की परसदाराचे दिवस सुरू होतात. सकाळी हातपाय गारठतात, दुपारी ऊन लख्ख पडते, हवा कोरडी असते. या तीन महिन्यांत घरची कारभारीण दोन कामे मनावर घेते. एक म्हणजे कोंबड्यांची निगा. दुसरे, ज्या घरी मांसाहार चालतो तिथे पुढच्या दिवसांसाठी थोडे मटण वाळवून ठेवणे. दोन्ही कामे जुनी आहेत आणि दोन्हींत घात करणारा शत्रू एकच आहे: ओल. थंडी कोंबडीला सोसते, मटणाला तर ती हवीच असते. ओल मात्र दोघांनाही सोसत नाही. एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मे नुकसान टळते.

हे सांगताना माझ्या डोळ्यांपुढे पुण्याजवळचे ताथवडे आहे. पशुसंवर्धन खात्याच्या वळू-माता प्रक्षेत्रामुळे हे नाव जुन्या शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. 2009 साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. शेजारी हिंजवडीची आयटी कंपन्यांची वसाहत, एका अंगाला मुंबई-बंगळूर महामार्ग, आणि जिथे भाताची खाचरे असायची तिथे आता उंच इमारती. अशा जागीही गावठाणातल्या एखाद्या घरामागे खुराडे असते आणि पहाटे कोंबडा आरवतो. जागा दोन गुंठे असो वा दोन एकर, परसातल्या दहा-बारा कोंबड्यांचे गणित सगळीकडे सारखेच. अंड्याचा पैसा बाईच्या हातात राहतो. वही-पेन, औषधपाणी, पाहुणा आला तर रस्सा, सगळे त्यातूनच निघते. म्हणूनच एका रात्रीत खुराडे रिकामे झाले तर तो घाव घराच्या पदराला बसतो.

खुराडे: ऊब हवी, कोंडमारा नको

थंडी पडली की आपण चारी बाजूंनी ताडपत्री बांधतो आणि निश्चिंत झोपतो. इथेच घोटाळा होतो. कोंबडीच्या श्वासातून आणि विष्ठेतून रात्रभर ओलावा सुटतो. विष्ठेचा अमोनिया वायू कोंडतो, डोळे चुरचुरतात आणि सर्दी-घरघर सुरू होते. पडदा गोणपाटाचा लावावा. वाऱ्याची बाजू खालपासून झाकावी, पण वरची वीतभर जागा मोकळी ठेवावी. सकाळी ऊन आले की पडदे गुंडाळून टाकावेत. पहाटे खुराड्यात कोंबडीच्या उंचीवर तोंड नेऊन श्वास घ्या. तुमच्या नाकाला झोंबले तर तिलाही झोंबतेच आहे.

खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा तीन-चार इंच पसरावा आणि एक-दोन दिवसांआड हलवावा. मूठभर तूस घट्ट दाबून पाहा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. ती काढून नवे कोरडे तूस घाला. गोळा लगेच भुरभुरला तर काळजी नाही. पाण्याचे भांडे विटेवर उंच ठेवले की निम्मी ओल तिथेच थांबते.

पिलांची गोष्ट वेगळी. त्यांना पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती सुमारे 3 अंशांनी कमी करावी. खुडूक कोंबडी असेल तर हे काम तीच करते. तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवावीत. सातव्या दिवशी रात्री अंड्यामागे मोबाईलची बॅटरी धरून पाहावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर अंडे फलित आहे, स्वच्छ दिसले तर काढून टाकावे. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात. विकतची पिले आणली असतील तर बल्ब लावावा, पण तो जुना तारेचा. हल्लीच्या एलईडी दिव्यातून उजेड मिळतो, ऊब जवळजवळ नाहीच. ऊब पुरते का, हे पिलेच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजते आहे, लांब जाऊन चोची उघडून बसली तर उष्मा होतो आहे, सगळीकडे विखुरली तर ठीक.

एक इशारा. बंद खुराड्यात किंवा ज्या खोलीत माणसे झोपतात तिथे पिलांसाठी कोळशाची शेगडी ठेवून दार लावू नका. तिचा वास नसलेला विषारी वायू पिलांबरोबर माणसांचाही जीव घेतो.

हिवाळ्यात अंडी कमी झाली म्हणून कोणाची नजर लागली असे समजू नये. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला रोज चौदा ते सोळा तास उजेड लागतो. आपल्याकडे डिसेंबरचा दिवस भरतो अकरा तासांच्या आसपास. देशी कोंबड्या थोड्याच असतील तर दिव्याचा खर्च करू नका. सांजेला मूठभर मका किंवा बाजरी जास्त टाका. पोटात दाणा असला की रात्रीची थंडी सोसते.

मानमोडी: लस हाच उपाय

आपण जिला मानमोडी म्हणतो तो राणीखेत रोग. 1927 साली कुमाऊँमधल्या राणीखेतला तो आपल्या देशात आढळला आणि तेच नाव पडले. हिरवट पातळ विष्ठा, धाप, लुळे पाय, वाकडी मान, आणि दोन-चार दिवसांत खुराडे साफ. एकदा रोग आला की औषध नाही. आधी लस हाच उपाय. पाच ते सात दिवसांच्या पिलाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा एक थेंब, आणि पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास मुक्तेश्वर लसीचे इंजेक्शन. मधली मात्रा पशुवैद्यकांच्या सल्ल्याने.

अडचण अशी, की लसीची कुपी शंभर कोंबड्यांची आणि आपल्याकडे कोंबड्या दहा. मग "एवढ्यासाठी कुठे आणायची" म्हणून लस राहून जाते. यावर तोड आहे. आळीतल्या आठ-दहा घरांनी मिळून एक कुपी आणावी, बर्फात ठेवावी आणि एकाच संध्याकाळी सगळ्यांच्या कोंबड्यांना द्यावी. एकदा कालवलेली लस दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. शेजारच्या खुराड्याला लस नसेल तर तुमचेही खुराडे धोक्यात राहते, म्हणून हे काम मिळूनच करावे.

एकदम पुष्कळ कोंबड्या मरू लागल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 साली नवापूरला आणि 2021 च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्याला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लवकर कळवण्याचे मोल सगळ्यांनी पाहिले. मेलेली कोंबडी ओढ्यात फेकू नये, कुत्र्याला घालू नये, आणि स्वस्तात मिळाली म्हणून चुलीवर तर मुळीच चढवू नये. खोल खड्डा, वर चुना आणि माती.

मटण वाळवताना

आता दुसरे काम. मीठ-हळद लावून मांसाच्या पट्ट्या दोरीवर वाळवण्याची रीत आपल्या मुलखात जुनी आहे. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांमध्ये अशा वाळवलेल्या मांसाला चान्या म्हणत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या 2015 सालच्या पुस्तकात त्या जेवणाची नोंद करून ठेवली आहे. एकदम मिळालेले मांस वाया जाऊ नये आणि उपाशी दिवसांत कामी यावे, हे त्यामागचे शहाणपण. 2015 पासून राज्यात गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, तेव्हा इथे सांगतो ते बकऱ्याच्या मटणाचे.

चार घरांनी मिळून बकरे कापले, वाटे पडले, की एका वेळी सगळे संपत नाही. घरी मार्गशीर्ष पाळत असाल तर पौषात हे काम धरा. तेव्हाही हवा कोरडीच असते.

मांसात सुमारे तीन भाग पाणी असते. ते काढून टाकणे म्हणजेच वाळवणे. ताज्या मांसाच्या, हाड-चरबी काढलेल्या, करंगळीच्या निम्म्या जाडीच्या लांब पट्ट्या कापाव्यात. चरबी राहिली तर मटण खवट होते. आमच्या आज्या कच्च्या मांसालाच मीठ चोळत. आज आपल्याला जंतूंची माहिती आहे, म्हणून एक पायरी वाढवावी. खळखळत्या पाण्यात हळद घालून पट्ट्या टाकाव्यात, पुन्हा उकळी आल्यापासून दहा मिनिटे शिजू द्याव्यात आणि मग निथळून किलोला साधारण 100 ग्रॅम मीठ चोळावे. कारण उन्हाने मांस वाळते, पण आतले जंतू मरतीलच असे नाही. कोंबडीचे मांस मात्र वाळवण्याच्या फंदात पडू नये, ते ताजेच शिजवून खावे.

2025 च्या जानेवारीत पुणे परिसरात गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे पुष्कळ रुग्ण निघाले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. हा जंतू दूषित पाण्यातून आणि कच्च्या-अर्धवट शिजलेल्या कोंबडीतून पोटात जातो. म्हणून पाणी उकळावे, कोंबडी पूर्ण शिजवावी, आणि मांस कापलेल्या विळीवर धुतल्याशिवाय कांदा-कोथिंबीर चिरू नये.

पट्ट्या दोरीवर एकमेकींना चिकटणार नाहीत अशा टांगाव्यात. वर पातळ मलमल घालावी. ताथवड्यासारख्या ठिकाणी माशांपेक्षा रस्त्याची आणि बांधकामाची धूळ जास्त, तेव्हा कापड हवेच. संध्याकाळी दव पडायच्या आत पट्ट्या घरात घ्याव्यात. विसरलात तर दिवसभराचे वाळवण रात्रीत ओले होते. तीन-चार दिवसांत पट्टी वाकवली की तडकते. ती कोरड्या काचेच्या बरणीत घालून एक दिवस ठेवा. बरणीच्या आतून दमट वाफ धरली तर अजून ऊन द्यायचे आहे. पंधरवड्यातून एकदा पुन्हा ऊन दाखवावे आणि होळीच्या आत बरणी संपवावी. बुरशी दिसली किंवा आंबूस वास आला तर धुऊन वापरण्याचा मोह नको, टाकून द्या.

रांधताना पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून ते खारट पाणी ओतून द्यावे. मग निखाऱ्यावर भाजून, खलबत्त्यात ठेचून, कांदा-लसूण आणि काळ्या मसाल्यात हरभऱ्याच्या डाळीबरोबर शिजवावे. मूठभर मटणात घरभराचे कोरड्यास होते. रक्तदाबाच्या माणसाला मात्र बेतानेच वाढावे.

यातल्या कशालाही मोठे भांडवल लागत नाही, रोजची नजर लागते. तेव्हा मंडळी, आज दिवेलागणीला खुराड्यातले मूठभर तूस हातात दाबून पाहा. आणि शेजारच्या घरी विचारा, लसीच्या कुपीत त्यांचा वाटा धरायचा का?